अंडर-१७ एशियन कप : आपली पोरं सौदीला चालली, पण डिसेंबरात जन्मलेल्यांनी काय करायचं?

घोडबंदर_बाबा
३० नोव्हेंबर २०२५ ची अहमदाबादची मॅच कोणी बघितली का? त्याच दिवशी रांचीला वन-डे होती त्यामुळे आमच्या अख्ख्या सोसायटीत मी आणि माझा पोरगा सोडून कोणाला पत्ताच नव्हता. क्वालिफायरचा शेवटचा सामना, समोर इराण, जिंकलो तरच पुढे. बरोबरीसुद्धा चालणार नव्हती. त्याआधी पॅलेस्टाईनशी १-१, चायनीज तैपेईला ३-१, लेबनॉनकडून ०-२ असा आपला कारभार, म्हणजे इराणला हरवतील असं कोण म्हणेल. त्यात पहिला गोल खाल्ला. मग पेनल्टीवर बरोबरी, दुसरा हाफ सुरू झाल्या झाल्या २-१, आणि तिथून पुढे शिट्टी होईपर्यंत नुसता किल्ला लढवला पोरांनी. आता २०२६ च्या मे महिन्यात सौदीला अंडर-१७ एशियन कप.

हे झालं कौतुक. धागा काढायचं खरं कारण वेगळंय. पोरगा २०१२ चा आहे, पण डिसेंबर २०१२. फुटबॉलमध्ये वयाचा कटऑफ १ जानेवारी, म्हणजे जानेवारी २०१२ ला जन्मलेला गडी आणि हा एकाच गटात, आणि दोघांत अकरा महिन्यांहून जास्त फरक. परवा एका ट्रायलला गेलो होतो (नाव नको, नवी मुंबईतच). गोलकिकचा बॉल याने छातीवर घेतला, मस्त खाली उतरवला, वळणार तेवढ्यात मागून खांदा लागला आणि हा सरळ टचलाईनच्या बाहेर, कोपर सोलून. समोरच्या बॅकला मिसरूड फुटलेलं. फाऊल नव्हता हां, मान्य करतो, क्लीन खांदा होता. नंतर सर म्हणाले बाबाला आत बोलवा, म्हणाले टेक्निक छान आहे हो पण अंगात काही नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तो मिसरूडवाला पण वर्षाने मोठा होणारच की!

तर प्रश्न असा की अशा पोरांचं पुढे होतं तरी काय, वाट बघायची, की गपचूप बॅडमिंटनला टाकायचं?

पॉपकॉर्न_पाटील
बॅडमिंटनला पण १ जानेवारीच असतो कटऑफ. बसा.

नेरुळ_ईस्ट
बाबा, मी २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला बघितलाय. घर जवळ, त्यामुळे ग्रुपच्या मॅचेसपासून सेमीपर्यंत हजेरी. पहिल्याच दिवशी पॅराग्वे-माली ३-२ झाली ती अजून डोळ्यासमोर आहे. सेमीला स्पेनने मालीला ३-१ मारलं, आबेल रुईझचे दोन आणि एक फेरान टोरेसचा. तो टोरेस नंतर मँचेस्टर सिटी, बार्सिलोना फिरला, आणि आम्ही त्याला नेरुळमध्ये घाम पुसताना बघितलाय, एवढं सांगायला मिळतं चारचौघांत. मालीचा एक शॉट बारला लागून रेषेच्या आत पडला होता आणि रेफ्रीने दिला नाही, मैदानातले सगळे ओरडत होते, पण तेव्हा कोण ऐकतंय.

सांगायचं काय तर मालीची पोरं अंगाने स्पेनपेक्षा दांडगी होती आणि तरी बॉल स्पेनकडेच. म्हणजे तुमच्या सरांचं "अंगात नाही" हे कारण मला अर्धवट वाटतं. तेव्हाच्या आपल्या टीमचं मात्र उलट, दिल्लीत तिन्ही मॅचेस, अमेरिका ०-३, कोलंबिया १-२, घाना ०-४. कोलंबियाविरुद्ध जीक्सनचा हेडर, वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. घानाविरुद्ध मात्र पोरं शेवटच्या अर्ध्या तासात अक्षरशः संपली होती. तिथे अंगच कमी पडलं. मग काय खरं काय खोटं तुम्हीच ठरवा.

ऐरोलीचा_कोल्हापूरकर
त्या टीममध्ये आमचा अनिकेत जाधव होता हे विसरू नका. कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला. अख्ख्या महाराष्ट्रात फुटबॉलसाठी जीव टाकणारं शहर एकच, आणि ते ना ठाणे ना मुंबई. आमच्याकडे पेठेतल्या तालमींच्या टीम असतात, पाटाकडील, खंडोबा, शाहू स्टेडियमला मॅच असली की दुकानं लवकर बंद. तिथं बारका पोरगा रोज मोठ्यांतच खेळतो, त्याला कोण म्हणत नाही की तुझा गट वेगळा. खाल्ला मार तर खाल्ला. तुमच्या ठाण्यात पोरगं एसी गाडीतून टर्फवर उतरतं, तासाभराने परत गाडीत. अंगात येणार कुठून?

घोडबंदर_बाबा
@ऐरोलीचा_कोल्हापूरकर दादा, आमची गाडी बिनएसीची अल्टो आहे आणि तीही ऑफिसला जाते, पोरगा ट्रान्सहार्बर लोकलने जातो. बाकी मोठ्यांत खेळायचा मुद्दा पटला.

पाचपाखाडी_ऑर्थो
हाडांचा धंदा आहे म्हणून बोलतो.

या स्पर्धांत वय तपासायला मनगटाचा एमआरआय करतात. मनगटाजवळ रेडियस हाडाच्या टोकाला वाढीची पट्टी असते, मूल वाढत असतं तोवर ती उघडी, वाढ थांबत आली की हळूहळू जुळत जाते. तिच्या सहा पायऱ्या मानल्यात, सहावी म्हणजे पूर्ण जुळली. मुलग्यांत सतराच्या आत सहावी पायरी फारच विरळा दिसते, म्हणून सहावी दिसली की तो बाहेर. फिफाने हे २००९ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपपासून लावलं. एक्स-रे का नाही, तर धडधाकट पोरांना उगाच किरणं कशाला द्यायची म्हणून. आपलं क्रिकेट बोर्ड मात्र हाताच्या एक्स-रेवरून टीडब्ल्यू-३ पद्धतीने हाडाचं वय काढतं.

आता बाबांच्या कामाचं. ही टेस्ट वय सांगत नाही, फक्त हा सतराच्या पलीकडचा दिसतोय का एवढंच सांगते. तेरा-चौदाच्या वयात एकाच इयत्तेतल्या दोन अगदी निरोगी मुलांच्या हाडांच्या वयात चार-चार वर्षांचा फरक असू शकतो. जन्मदाखले दोघांचे खरे, कोणी काही चोरलेलं नाही. त्यामुळे त्या मिसरूडवाल्यावर लगेच संशय घेऊ नका, तो लवकर वाढला इतकंच. आणि तुमच्या मुलासारखी उशिरा वाढणारी पोरं मनगटाच्या टेस्टला झोपेतही पास होतात, पण त्या टेस्टच्या टेबलापर्यंत त्यांना कोणी नेतच नाही. गंमत आहे ती इथे.

पॉपकॉर्न_पाटील
घ्या, पुरावा सापडला. जन्मदाखला नको, मनगट दाखवा.

पण डॉक्टर, वयचोरी आपल्याकडे होतच नाही असं म्हणताय का? सुब्रतो कपच्या शाळांच्या टीम बघितल्यात का, काही पोरं बस चालवून आणल्यासारखी दिसतात.

पाचपाखाडी_ऑर्थो
होते. भरपूर होते. म्हणूनच टेस्ट आली. मी एवढंच म्हणतोय की मोठा दिसणारा प्रत्येक पोरगा चोर नसतो.

जुना_स्ट्रायकर
वयावरून आठवलं. आशियातला एकच पुरुष संघ फिफाचा या वयोगटाचा वर्ल्ड कप जिंकलाय, सौदी अरेबिया, १९८९. तेव्हा तो अंडर-१६ होता, फायनल ग्लासगोला हॅम्पडेन पार्कवर, समोर यजमान स्कॉटलंड, २-२ आणि मग पेनल्टी. स्कॉटलंडवाले अजूनही त्या सौदी पोरांच्या वयावरून कुरकुर करतात, सिद्ध काही झालं नाही. तेव्हा एमआरआय नव्हता ना.

आणि बाबा, एक बरी बातमी देतो. आधी अंडर-१७ वर्ल्ड कप दर दोन वर्षांनी असायचा. २०१७ ला कटऑफ १ जानेवारी २०००, २०१९ ला १ जानेवारी २००२. म्हणजे २००१ मध्ये जन्मलेल्या पोराला एकच संधी, तीही वर्षाने मोठ्या पोरांशी भांडून. जीक्सन २००१ चा, तरी घुसला, पण असे किती. आता २०२५ पासून २०२९ पर्यंत दरवर्षी वर्ल्ड कप, कतारलाच, ४८ टीम, त्यामुळे एशियन कप पण दरवर्षी. प्रत्येक जन्मवर्षाला स्वतःची स्पर्धा. चुकीच्या वर्षी जन्मलो ही तक्रार गेली. चुकीच्या महिन्याची राहिली.

नेरुळ_ईस्ट
यात अजून एक जोडतो. २०१८ ला मलेशियात अंडर-१६ एशियन कप झाला तेव्हा आत्ताच्या टीमचे कोच बिबियानो सर, त्यांचीच टीम होती. व्हिएतनामला १-० हरवलं, इराणशी ०-०, इंडोनेशियाशी ०-०, क्वार्टर फायनलला पोचली आणि कोरियाकडून ०-१. तेव्हा आशियाला चारच जागा, सेमीला गेलात तर वर्ल्ड कप. आता आठ आहेत, क्वार्टर फायनल गाठली की तिकीट. म्हणजे आजचा नियम असता तर ती पोरं वर्ल्ड कप खेळली असती. यजमान नसताना मैदानात जिंकून! एका गोलने गेलं सगळं, आणि त्यातल्या कितींची नावं आज कोणाला आठवतात?

सौदीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सोळा टीम, चार ग्रुप, पहिले दोन पुढे. एक विजय आणि एक ड्रॉ निघाला तर गणित जमतं बऱ्याचदा.

जुना_स्ट्रायकर
जमतं तेव्हा जमतं. २०२३ ला थायलंडमध्ये व्हिएतनामशी १-१, उझबेकिस्तानशी ०-१ आणि मग जपान. ४-८. जपानला चार गोल मारले म्हणून आपण खूश, आठ खाल्ले त्याचं काय ते कोण बोलत नाही. तो कप जपानच जिंकला, फायनलला कोरियाला ३-०.

खारघर_हिल
अरे पण अंडर-१७ जिंकून होतं काय शेवटी? २०१६ ला आपल्याच गोव्यात अंडर-१६ झाली होती, इराक चॅम्पियन, फायनलला इराणला पेनल्टीवर. आपण सौदीशी ३-३ केलं तेवढंच. वयोगटाच्या ट्रॉफ्या शोकेसला बऱ्या.

जुना_स्ट्रायकर
@खारघर_हिल उझबेकिस्तान बघ मग. २०१२ ला अंडर-१६ जिंकले, २०२३ ला अंडर-२० जिंकले, त्याच वर्षी अंडर-१७ वर्ल्ड कपला इंग्लंडला २-१ ने घरी पाठवलं. २०२५ ला सौदीत फायनल, यजमान सौदीच समोर, दोन रेड कार्ड, नऊ जण उरले आणि तरी २-० ने जिंकले. आणि २०२६ ला त्यांची सीनियर टीम पहिल्यांदा वर्ल्ड कप खेळणार. त्यांचा खुसानोव्ह मँचेस्टर सिटीत गेला. लोकसंख्या आपल्या महाराष्ट्राच्या निम्मी पण नाही. हे सगळं एकाच रांगेतून आलंय, शोकेसमधून नाही.

सई_वाशी
मुलींचं कोणी बोलणार आहे का इथे? ऑक्टोबरमध्ये आपली अंडर-१७ मुलींची टीम बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ हरवून एशियन कपला क्वालिफाय झाली, स्पर्धा २०२६ ला चीनमध्ये आहे. एका पेपरात आतल्या पानावर चार ओळी.

माझी मुलगी तेराची आहे. डॉक्टरांना विचारायचं होतं की मुलींना पण तो मनगटाचा एमआरआय करतात का? कारण आमच्याकडे उलटी गोष्ट आहे, ती लवकर वाढली, वर्गात सगळ्यात उंच, आणि प्रत्येक स्पर्धेत समोरच्या टीमच्या आया दाखला मागतात. मागच्या वेळी एका बाईंनी माझ्याच तोंडावर "ही दहावीतली दिसते" म्हटलं. मी पर्समध्ये जन्मदाखल्याची झेरॉक्स घेऊन फिरते हल्ली, आधार सोबत.

आणि २०२२ ची मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल डी. वाय. ला आम्ही दोघींनी बघितली, स्पेन-कोलंबिया, शेवटाकडे स्वयंगोल होऊन १-०. कोलंबियाच्या मुली रडत होत्या तर ही पण रडायला लागली, स्पेनची जर्सी घालून!

पाचपाखाडी_ऑर्थो
@सई_वाशी नाही. तो ठोकताळा मुलग्यांसाठी बसवलेला आहे. मुलींची ती पट्टी आधी जुळते, त्यामुळे सतराचा आकडा तिथे लागू पडत नाही. तुमच्या मुलीचा दाखला हाच पुरावा, झेरॉक्स जपून ठेवा.

डी_लायसन्स
बराच वेळ वाचतोय. मी ठाण्यात पोरांना शिकवतो, त्यामुळे "सर लोकांचं" पण ऐका जरा.

आम्ही मोठी पोरं का घेतो? कारण डीएसओची, म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांची, जिल्ह्याची स्पर्धा असते नॉकआऊट. हरलात की घरी. मॅच वीस-वीस मिनिटांची, कधी त्याहून कमी, कारण एका दिवसात सगळ्या शाळा उरकायच्या असतात. मैदान लाल मातीचं, पावसाळा नुकताच संपलेला, गोलसमोर खड्डा. त्यावर तुम्ही पाच पास जोडायला जा बघू. तिथे एकच गोष्ट चालते, गोलकीपरने लांब मारायचा आणि पुढे एक उंच गडी. जिंकलो की शाळेचा फोटो पेपरात, मुख्याध्यापक खूश, पुढच्या वर्षी माझं कॉन्ट्रॅक्ट. हरलो की पालक विचारतात सर आमची फी कुठे गेली. तुमच्यासारखेच पालक, बाबा, राग मानू नका.

आता यातून काय होतं ते बघा. बारका पोरगा बेंचवर बसतो, त्याचं नुकसान सगळ्यांना दिसतं. पण त्या उंच पोराचं पण होतं, ते दिसत नाही. त्याला तेराव्या वर्षी डोकं वर करून बघायची गरजच पडत नाही, बॉल पुढे ढकलला आणि पळाला की गोल. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात आणि मग कळतं की याला डावा पायच नाही. माझ्याकडे असा एक होता, तेराचा असताना एकेका मॅचला चार गोल करायचा, आता खेळत नाही.

आणि ठाण्यात मैदान आहे कुठे मुळात? दादोजी कोंडदेवला क्रिकेटची खेळपट्टी. घोडबंदरला बिल्डिंगच्या गच्चीवर सुद्धा टर्फ झालेत, पण ते पाचास पाच, जाळीच्या आत. जाळीला बॉल लागून परत येतो, आऊट नाहीच, त्यामुळे पोरांना थ्रो-इन घेता येत नाही. अकरास अकरा मैदानाची लांबी त्यांना पहिल्यांदा दिसते ती थेट स्पर्धेत. नवी मुंबईवाले त्या मानाने सुखी, यशवंतराव चव्हाण मैदान आहे, ॲग्नेलचं आहे, खारघरला सिडकोचं आहे, घणसोलीला रिलायन्सची निवासी अकादमी आहे.

खारघर_हिल
सुखी म्हणे! घणसोलीचं कुंपण बाहेरून बघतो आम्ही. अख्ख्या देशातून निवडून मूठभर पोरं घेतात तिथे.

ऐरोलीचा_कोल्हापूरकर
डी_लायसन्स सरांना +१. सगळ्यात खरा प्रतिसाद.

जुना_स्ट्रायकर
जपानमध्ये यावर एक वाट आहे ती सांगतो, कारण तिथेही क्लबवाले बारक्या पोरांना काढतातच. शुन्सुके नाकामुरा, सेल्टिककडून मँचेस्टर युनायटेडला फ्री-किक मारणारा. त्याला योकोहामा मारिनोस क्लबने ज्युनियर युथमधून वर घेतलं नाही, अंगाने लहान म्हणून. तो तोको गाकुएन नावाच्या शाळेत गेला, तिथून खेळला, आणि त्याच मारिनोसने नंतर त्याला सीनियर टीमसाठी घेतलं. केसुके होंडाचं तसंच, गाम्बा ओसाका क्लबने पुढे नेलं नाही, सेईर्यो हायस्कूलमधून वर आला आणि तीन वर्ल्ड कपमध्ये गोल. त्यांची हायस्कूलची राष्ट्रीय स्पर्धा नववर्षाच्या सुट्टीत असते, टीव्हीवर लाईव्ह, स्टेडियम भरतं. म्हणजे क्लबचं दार बंद झालं तरी शाळेचं दार उघडं, आणि ते दार पण भक्कम. आपल्याकडे चौदाव्या वर्षी एका ठिकाणी नाही म्हटलं की दुसरं ठिकाणच नाही.

बेल्जियमने तर फेडरेशनमध्येच "फ्युचर्स" म्हणून वेगळ्या टीम ठेवल्या, खास उशिरा वाढणाऱ्यांसाठी.

पॉपकॉर्न_पाटील
आपल्याकडे पण आहे की फ्युचर्स. शेअर बाजारात.

मॅथ्सची_आई
एक व्यावहारिक शंका. अंडर-१७ म्हणजे पोरं दहावी-अकरावीची. मार्चमध्ये बोर्ड आणि मेमध्ये एशियन कप, कॅम्प त्याच्या आधी कित्येक महिने. ही पोरं परीक्षा देतात कधी? माझा थोरला जिल्ह्याच्या टीममध्ये होता, नववीच्या दिवाळीनंतर क्लास सुरू झाला आणि बूट माळ्यावर गेले. ग्रेस गुणांसाठी फॉर्म भरला तेवढाच फुटबॉलचा उपयोग. मला वाटतं डिसेंबर-जानेवारीपेक्षा जास्त पोरं या दहावीने गळतात, आणि त्याला आपण आयाच कारणीभूत, कोच नाही.

डी_लायसन्स
@मॅथ्सची_आई शंभर टक्के. आठवीत माझ्याकडे तीस पोरं असतात, दहावीत सहा. त्यात मणिपूर-मिझोरमची टीममधली पोरं बघा, आणि आपली बघा. तिथे फुटबॉल हा अभ्यासच आहे. काहीजण ओपन स्कूलमधून परीक्षा देतात. ठाण्यात पालकांना ओपन स्कूल म्हटलं की आधी शांतता, मग विषय बदलतात.

घोडबंदर_बाबा
सगळ्यांचं वाचलं, थँक्यू. बायकोला पण वाचून दाखवलं, तिचं मत मॅथ्सच्या आईबरोबर आहे.

बॅडमिंटनचं मी उद्वेगाने लिहिलं होतं, तो ऐकणारही नाही. पण एक कळत नाही, डी_लायसन्स सर, तुम्हाला सगळं दिसतंय तर तुमच्या हातात काहीच नाही का? स्पर्धा सोडा, प्रॅक्टिसला तरी?

डी_लायसन्स
प्रॅक्टिसला आहे. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी बायो-बँडिंग करून बघितलं. जन्मतारखेने गट न पाडता, प्रौढपणीच्या अंदाजी उंचीच्या किती टक्के वाढ झालीय त्यावर पाडायचे. चौदाचा उशिरा वाढणारा आणि बाराचा लवकर वाढलेला एका गटात. मी आमच्याकडे त्याची गावठी आवृत्ती केलीय, महिन्यातून एका रविवारी. आई-बाबांची उंची विचारतो, पोरांची मोजतो आणि टीम पाडतो. पहिल्यांदा केलं तेव्हा मोठ्या पोरांना राग आला, कारण समोर पहिल्यांदाच तेवढीच मोठी पोरं, खांदा लावला तर उलटा खांदा येतो. अर्ध्या तासात पास द्यायला लागले. बारक्यांमधला एकजण, जो वर्षभर गप्प विंगला उभा असायचा, तो मिडफिल्डमधून ओरडून पोरांना जागा सांगत होता. मला माहीतच नव्हतं याला आवाज आहे.

पाचपाखाडी_ऑर्थो
उत्तम. फक्त आई-बाबांची उंची त्यांनी सांगितलेली धरू नका, टेप लावा. सगळे बाप दोन इंच वाढवून सांगतात.

आणि बाबा, तुमच्या मुलाची उंची दर तीन-चार महिन्यांनी एकाच भिंतीवर, बूट काढून, सकाळी मोजत जा. वेगाने वाढायला लागला की गुडघ्याखाली आणि टाचेत दुखायची तक्रार येते, त्या काळात उड्या आणि स्प्रिंट कमी करायचे, बंद नाही. बरेच कोच नेमक्या त्याच महिन्यांत "आता अंगात आला" म्हणून लोड वाढवतात आणि पोरगा माझ्याकडे येतो.

सई_वाशी
सर, त्या रविवारी मुली चालतील का? माझी उंचवाली त्या मिसरूडवाल्याला पुरून उरेल.

डी_लायसन्स
ताई, आणा की. मुलग्यांपेक्षा आधी वाढतात म्हणून गट पाडायला उलट सोपं. डॉक्टर, तुम्ही पण या टेप घेऊन, नाहीतर बाप लोक माझ्याशी भांडतील.

ऐरोलीचा_कोल्हापूरकर
मी पुतण्याला आणतो. पण टर्फवर नको राव, मातीवर घ्या.

डी_लायसन्स
मातीवर क्रिकेटवाले रविवारी सहालाच पीच अडवतात. नेरुळला साडेपाचला पोचलात तर अर्धं मैदान मिळेल, ठाण्याची पहिली ट्रान्सहार्बर किती वाजता ते बाबांना विचारून इथे टाका. मिळालं नाही तर नाइलाजाने टर्फ, आणि तसं असेल तर पोरांना स्टड घालून आणू नका, टर्फवाला आत सोडत नाही.

खारघर_हिल
साडेपाच?! मॅच सौदीत आहे की नेरुळला?